गृहविज्ञान : उन्हाचें ऊन पाणी

बंबाच्या काळीं न्हाणीघरांतील पाण्याविषयीं दोनच प्रश्न असत : सरपण कोरडें आहे कीं नाहीं, आणि पहिली अंघोळ कोणाची. आतां पुष्कळ घरांच्या गच्चीवर सौर बंब आले आहेत, आणि तो घेऊं पाहणारी मंडळी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : "टांकी किती लिटरची घ्यावी?" त्याला जोडून बहुधा आणखी एक वाक्य येतें : "थोडी मोठीच घेतों, म्हणजे पुढेंमागें अडचण नको." आजचा लेख लिहावा लागत आहे तो ह्या दुसऱ्या वाक्यामुळें. धान्याच्या कोठीला जो न्याय लागू पडतो तो ऊन पाण्याच्या टांकीला लागू पडत नाहीं. कोठी मोठी असली म्हणून गहूं बिघडत नाहींत. टांकी मात्र तापविणाऱ्या पेटीच्या मानानें किंवा घराच्या खर्चाच्या मानानें मोठी झाली, तर तिच्यांत ऊन पाण्याऐवजीं कोमट पाणी सांठून राहतें. आणि सांठलेलें कोमट पाणी ही पाण्याची सर्वांत वाईट अवस्था होय.

जुना तांब्याचा बंब आणि हा नवा बंब ह्यांत नांवाखेरीज फारसें साम्य नाहीं. त्या बंबांत पाणी सांठवीत नसत. पहाटे विस्तव घालावा, पाणी तापवावें, घंगाळांत काढावें, आणि दहा वाजेपर्यंत सर्व आटोपावें. सोंवळ्याच्या घरीं तर रात्रीचें पाणी शिळें म्हणून ओतून देऊन, हंडे-कळशा घांसून, नवें भरीत. ह्या चालीच्या मुळाशीं जंतुशास्त्र होतें असा दावा आम्ही करणार नाहीं. पण तिच्यामुळें घरांत पाणी कोमट स्थितींत दिवसचे दिवस राहत नसे, एवढें खरें. सौर बंबाची गोष्ट उलट आहे. सूर्य दुपारीं तळपतो आणि घराला पाणी हवें असतें पहाटे. तेव्हां आज तापलेलें पाणी उद्यां वापरावयाचें, म्हणजे तें शिळेंच असावयाचें. अमेरिकेंत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प ह्यानें १८९१ सालीं सौर बंबाचें पेटंट घेतलें, तेव्हां त्याच्या काळ्या टांक्या काच लावलेल्या पेटींतच असत. दुपारीं पाणी उत्तम तापे, पण रात्रीं त्याच काचेंतून उष्णता निघून जाई. पुढें १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम बेली ह्यानें टांकी पेटींतून बाहेर काढून तिला उष्णतारोधक वेष्टण घातलें, नळ्या खालीं आणि टांकी वर अशी रचना केली, व आपल्या बंबाला 'डे अँड नाइट' असें नांव दिलें. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढतें आणि गार पाणी खालीं उतरतें, ह्यास पंपाची गरज नाहीं. आज आपल्या गच्चीवर जें यंत्र दिसतें तें तत्त्वतः बेलीचेंच आहे.

आतां मापाकडे वळूं. विक्रेते दर माणशीं अमुक लिटर असा एक ठोकळा सांगतात. तो अगदींच खोटा नसतो, पण त्यांत आपलें घर नसतें. खरें माप गृहिणीनें स्वतः काढावें. त्याला आठ दिवस आणि एक कोरा कागद पुरतो. प्रथम अंघोळीची बादली लिटरच्या मापानें भरून पाहावी, कारण वीस लिटरची म्हणून घेतलेली बादली कांठाखालीं चार बोटें भरली असतां सोळा-सतरा लिटरचीच निघते. मग आठवडाभर कोण किती बादल्या घेतो हें टिपून ठेवावें. अंघोळीच्या पाण्याची ऊब साधारण ४० अंश असते (येथें सर्वत्र अंश सेंटिग्रेडचे समजावे). टांकींतील पाणी ६० अंशांचें आणि नळाचें गार पाणी २० अंशांचें असेल, तर निम्में ऊन आणि निम्में गार मिळून ४० अंश होतात. उन्हाळ्यांत नळाचें पाणी ३० अंशांवर गेलें कीं ऊन पाण्याचा एकतृतीयांश वांटाच पुरतो. इंदूरकडे थंडींत नळाचें पाणी १५ अंशांपर्यंत उतरलें तर निम्म्याहून थोडें अधिक लागतें. मुख्य अडचण मात्र दुसरीच आहे : डिसेंबरांत एखादा दिवस ढगाळ गेला आणि टांकी ५० अंशांवरच थांबली, तर त्याच अंघोळीला दोनतृतीयांश ऊन पाणी द्यावें लागतें. माप धरावयाचें तें ह्या दिवसाचें.

उदाहरणार्थ, पुण्यांतील एक सहा माणसांचें घर घेऊं. आजी-आजोबा, मुलगा, सून व दोन नातवंडें. बादली १८ लिटरची. मोठीं माणसें दीड-दीड बादली घेतात, मुलें एक-एक. एकूण १४४ लिटर. त्याचे दोनतृतीयांश म्हणजे ९६ लिटर ऊन पाणी. भांड्यांसाठीं १५ लिटर धरावें, आणि नळींत थंड होऊन वायां जाणारें ५ लिटर. बेरीज ११६. आतां टांकींतील सगळें पाणी सारखें ऊन नसतें; जसजसें वरून ऊन पाणी जातें तसतसें तळाशीं गार पाणी शिरतें, आणि शेवटचा पांचवा हिस्सा कोमटच निघतो. म्हणून ११६ लिटर खरें ऊन पाणी हवें असल्यास टांकी १४५ लिटरची हवी. बाजारांत १५० ची मिळते. हेंच घर बादली सोडून फवाऱ्याखालीं न्हाऊं लागलें, तर हिशेब पार बदलतो. फवारा मिनिटाला ९ लिटर सोडीत असेल व प्रत्येकजण आठ मिनिटें उभा राहील, तर सहा जणांचे ४३२ लिटर होतात, आणि ५० अंशांच्या टांकींतून त्यासाठीं २८८ लिटर ऊन पाणी काढावें लागतें. माणसें तींच, घर तेंच. फक्त न्हाण्याची रीत बदलली कीं टांकी दुपटीहून मोठी होते. ज्या घरांत मुलें लवकरच कॉलेजांत जाणार आहेत त्यांनीं हा प्रश्न टांकी घेण्यापूर्वीं घरांत मोकळेपणानें बोलून घ्यावा.

दिवाळीचें काय, असें येथें कोणी अवश्य विचारील. नरकचतुर्दशीच्या पहाटे लेक-जांवई, भाचरें मिळून पंधरा-वीस माणसांचीं अभ्यंगस्नानें सूर्योदयापूर्वीं व्हावयाचीं असतात, आणि त्यांत तेल-उटण्यामुळें पाणी दीडपट लागतें. ह्या एका पहाटेसाठीं ३०० लिटरची टांकी घेणारीं घरें आहेत. उरलेले ३६४ दिवस ती टांकी अर्धी वापरून अर्धी पडून राहते. त्या दिवशीं गॅसवर एक मोठें पातेलें चढवावें, माळ्यावरचा बंब उतरवावा, किंवा विजेचा आधार घ्यावा. मुलांना त्या बंबाचा धूरच अधिक आवडेल.

टांकीचें माप ठरल्यावर पेटीचें माप तिच्याशीं जुळतें कीं नाहीं हें पाहावें. ह्या ठिकाणीं फसगत अधिक होते, कारण जाहिरातींत लिटर मोठ्या अक्षरांत असतात आणि पेटीचें क्षेत्रफळ नसतेंच. शंभर लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यावयास ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें ४ युनिट विजेइतकी उष्णता लागते. पुण्याच्या बाजूस हिंवाळ्यांतील निरभ्र दिवशीं दक्षिणेकडे नीट कललेल्या एका चौरस मीटरवर साधारण ५ युनिटांइतकें ऊन पडतें, आणि पेटी त्यांतील निम्म्याहून कांहीं कमी पाण्याला पोंचविते. ह्या हिशेबानेंच १०० लिटरला २ चौरस मीटरची सपाट पेटी, अथवा निर्वात काचनळ्या असल्यास सुमारें दीड चौरस मीटर, हें प्रमाण आपल्याकडे रूढ झालें आहे. दीडशें लिटरच्या टांकीला शंभर लिटरची पेटी लावून कोणी "चालतें हो" म्हणाला, तर त्याला परत पाठवावें. अशी टांकी हिंवाळ्यांत ४५ अंशांच्या वर क्वचितच जाईल. पेटीचें तोंड दक्षिणेस असावें. पुण्याचें अक्षांश साडेअठरा आहे, तेव्हां हिंवाळ्यांतला खालचा सूर्य पकडण्यासाठीं कल ३० अंशांच्या आसपास ठेवावा. आणि पेटी बसविण्यापूर्वीं डिसेंबरांतील सावल्या पाहाव्या. मे महिन्यांत जी जागा उघडी वाटते तिच्यावर हिंवाळ्यांत शेजारच्या नारळाची किंवा जिन्याच्या खोलीची सावली नेमकी पडते.

हा ६० अंशांचा आग्रह कशासाठीं? अंघोळ तर ४० लाच करावयाची. ह्याचें उत्तर १९७६ सालच्या एका घटनेंत आहे. त्या वर्षीं जुलैंत फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलांत अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' ह्या संघटनेचें संमेलन भरलें होतें. परत गेल्यावर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला, आणि २९ सैनिक दगावले. कारण कित्येक महिने सांपडेना. १९७७ च्या जानेवारींत जोसेफ मॅक्डेड ह्या संशोधकानें तो जंतु शोधून काढला व त्यास 'लीजनेला' हें नांव मिळालें. हा जंतु नद्या-तळ्यांत थोड्या प्रमाणांत असतोच, आणि तेथें तो कोणाच्या वाटेस जात नाहीं. परंतु सांठलेलें, २५ ते ४५ अंशांमधील पाणी त्याला मानवतें. त्यांत गाळ, गंज वा क्षारांचा थर असला तर तो त्याच्या आश्रयानें फार वाढतो. ५० अंशांवर त्याची वाढ थांबते, पण मरावयास तास-दोन तास लागतात; ६० अंशांवर बहुतेक जंतु कांहीं मिनिटांत मरतात, आणि ७० अंशांवर जवळजवळ तत्काळ. जागतिक आरोग्य संघटना ऊन पाणी ६० अंशांवर सांठवावें व नळापर्यंत तें ५० च्या वर पोंचावें असें सांगते, तें ह्याच आधारावर.

हा जंतु पोटांत गेल्यानें सहसा बाधत नाहीं. तो बाधतो श्वासावाटे, पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार फुप्फुसांत गेले म्हणजे. तेव्हां तांब्यानें अंगावर पाणी घेणाऱ्यास धोका थोडा, फवाऱ्याखालीं उभें राहणाऱ्यास अधिक. एका माणसापासून दुसऱ्यास हा रोग सामान्यतः लागत नाहीं. निरोगी तरुणांस तो क्वचितच गांठतो. पण म्हातारीं माणसें, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, दमेकरी, आणि ज्यांची प्रतिकारशक्ति औषधांनीं कमी झाली आहे असे रोगी ह्यांना तो घातक ठरूं शकतो. दुसरें असें कीं, पेनिसिलिनच्या वर्गांतील औषधें त्याच्यावर चालत नाहींत. निराळीं द्यावीं लागतात. घरांतील वृद्धास थंडीताप, खोकला व धाप लागली आणि त्याच्या आधींच्या दहा-पंधरा दिवसांत पुष्कळ काळ पडून राहिलेलें पाणी फवाऱ्यानें वापरलें गेलें असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानांवर अवश्य घालावी. नाहीं तर ती त्यांना कळणार कशी?

म्हणून घरांत एक तापमापक ठेवावा असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. तापाचा नव्हे, स्वयंपाकाचा. शंभर अंशांपर्यंत दाखविणारा. संध्याकाळीं टांकीजवळच्या तोटींतून थोडें पाणी सोडून, मग तांब्यांत धरून मोजावें; तेंच पुनः पहाटे, कोणी पाणी काढण्यापूर्वीं. रात्रींतून पांच-सहा अंश उतरले तर तक्रार नाहीं. दहा-बारा उतरले तर टांकीच्या वेष्टणांत ओल शिरली आहे, किंवा पाणी रात्रीं उलटें पेटीकडे फिरतें आहे, असें समजून कारागिरास बोलवावें. आकडे भिंतीवर लावलेल्या कालनिर्णयावरच लिहून ठेवावे. आषाढ-श्रावणांत हे आकडे बोलूं लागतात. आठ-आठ दिवस ऊन नाहीं, टांकी ३५ अंशांवर, आणि घरांतील मंडळी म्हणतात, "कोमट तर कोमट, पावसाळ्यांत चालतें." अंगाला चालतें, टांकीला चालत नाहीं. ज्या टांकींत विजेची कांडी बसविलेली आहे त्यांनीं अशा दिवसांत आठवड्यांतून निदान एकदां सर्व पाणी ६० अंशांवर नेऊन तासभर तेथें ठेवावें. २ किलोवॅटच्या कांडीला १५० लिटर पाणी ४० वरून ६० वर न्यावयास सुमारें पावणेदोन तास आणि साडेतीन युनिट वीज लागते. कांडी वरच्या भागांत बसविली असेल तर तळचें पाणी तापत नाहीं, हें घेतांनाच विचारावें. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी आणि तिला अर्थिंग असल्याची खात्री करावी. आणि दिवसभर कांडी चालू ठेवूं नये, कारण मग सूर्याला तापविण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. ज्यांच्याकडे कांडी नाहीं त्यांनीं पावसाळ्यांत फवारा बंद ठेवून बादलीनें न्हावें आणि टांकी रोज वापरून संपवावी.

टांकी जितकी महत्त्वाची तितकीच नळी. अर्ध्या इंचाच्या वीस मीटर नळींत साडेतीन लिटर पाणी राहतें. नळी एक इंची घेतली तर जवळजवळ दहा. "धार जोरांत येईल" म्हणून जाड नळी घालणाऱ्यांना रोज सकाळीं हे दहा लिटर ओतून द्यावे लागतात, आणि रात्रभर तेंच पाणी नळींत कोमटत बसलेलें असतें. नळी शक्य तितकी आंखूड, फार जाड नाहीं, आणि वेष्टणांत असावी. जुन्या मोरीकडे जाणारी, आतां कोणी न वापरणारी शाखा असेल तर ती मुळाशींच बंद करून घ्यावी. पहिलें पाणी बादलींत धरून कुंड्यांना किंवा फरशीला द्यावें. फवाऱ्याची जाळी दोन-तीन महिन्यांनीं काढून लिंबूफुलाच्या पाण्यांत रात्रभर बुडवून ठेवली कीं क्षार सुटतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हा क्षार पेटीच्या नळ्यांतहि बसतो, आणि पाणी जितकें अधिक तापेल तितका अधिक बसतो. तेथें वर्षांतून एकदां टांकी तळाच्या बुचांतून रिकामी करून गाळ काढणें भाग आहे. गच्चीवरील गार पाण्याची काळी टांकी विसरूं नये. वैशाखांत तिच्यांतलें पाणी स्वतःच ३५ अंशांच्या पलीकडे जातें. तिला झांकण, सावली आणि वर्षांतून दोनदां घांसणें, ह्या तिन्ही गोष्टी हव्यात.

सौर बंबाचें पाणी चहाला, भाताला किंवा वरणाला घेण्याची चाल कांहीं घरांत गॅस वांचविण्यासाठीं पडली आहे. ती मोडावी. टांकींत गाळ असतो, कित्येक टांक्यांत गंज रोखण्यासाठीं मॅग्नेशियमची कांडी झिजत असते, आणि ऊन पाणी पितळी तोट्यांतील व सांध्यांतील धातु गार पाण्यापेक्षां अधिक ओढून घेतें. भांडीं घांसावयास तें उत्तम आहे. पिण्याचें व शिजविण्याचें पाणी पिण्याच्या नळाचेंच असावें.

टांकीवर जी उघडी हवानळी उभी असते तिच्या तोंडाला फडकें किंवा बूच कधींहि बसवूं नये. पाखरें शिरतात म्हणून बारीक जाळी चालेल. १५० लिटर पाणी २० वरून ८० अंशांवर गेलें कीं चार लिटरांनीं फुगतें. ह्या चार लिटरांना वाट न मिळाल्यास टांकी फाटते. पंपाच्या दाबावर चालणाऱ्या टांकीला हवानळीऐवजीं सुरक्षा-झडप असते. ती गळते म्हणून आवळून टाकणारा कारागीर भेटला तर त्यास थांबवावें.

साठ अंशांच्या पाण्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मोरिट्झ व हेन्रिक्स ह्या दोघांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४४ अंशांच्या उष्णतेनें कातडी भाजावयास सुमारें सहा तास लागले, तर ६० अंशांना अवघे पांच सेकंद. लहान मुलांची कातडी पातळ, तेव्हां त्यांना तेवढेहि नकोत. आणि काचनळ्यांच्या बंबांत एप्रिल-मे मध्यें पाणी ८० अंशांच्या वर सहज जातें. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची संवय अशी कीं, आधीं कढत पाणी घंगाळांत काढावें आणि मग त्यांत विसण घालावें. बंबाजवळ आई उभी असे, म्हणून तें चालून जाई. आतां मूल एकटें न्हाणीघरांत जातें आणि तोटी फिरवितें. ह्या घरांत क्रम उलटा हवा : बादलींत आधीं गार पाणी, त्यावर ऊन. मुलांना हें विसण आधीं घालण्याचें वळण पहिल्या दिवसापासून लावावें, ऊन पाण्याच्या तोटीला तांबडी खूण करावी, आणि ती मुलाच्या हाताच्या वर बसवावी. ज्यांना परवडेल त्यांनीं न्हाणीघराच्या तोंडाशीं आपोआप गार पाणी मिसळणारी झडप लावून घ्यावी. ती टांकी ६० वर ठेवून नळाला ४०-४२ अंशांचेंच पाणी देते. टांकीच ४५ अंशांवर ठेवणें हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे, हें वर आलेंच आहे.

महिनाभर गांवीं जाऊन आल्यावर काय करावें, हें आतां वेगळें सांगावयाचें राहिलें आहे. उन्हाळ्यांत जातांना पेटीवर जाडें कापड किंवा गोणपाट घालून जावें. नाहीं तर पाणी दिवसचे दिवस उकळत राहतें आणि काचनळ्यांना धोका पोंचतो. परत आल्यावर रिकाम्या, तापलेल्या काचनळ्यांत भर दुपारीं गार पाणी कधींहि सोडूं नये, त्या तडकतात, पहाटे सोडावें. पावसाळ्यांत घर बंद राहिलें असेल, तर आल्यादिवशीं फवारा उघडूं नये. न्हाणीघराची खिडकी उघडावी, फवाऱ्याचें तोंड काढून टाकावें, तोटीला कापड गुंडाळून पाणी तुषार न उडतां संथपणें बादलींत सोडावें, आणि टांकी पूर्ण रिकामी करून भरावी. मग ऊन पडेल तर उन्हानें, नाहीं तर कांडीनें ती ६० अंशांवर न्यावी, आणि तेंच ऊन पाणी प्रत्येक तोटीतून पांच मिनिटें वाहूं द्यावें. तोंवर एक-दोन दिवस अंघोळीचें पाणी गॅसवर तापवून घेतलें म्हणजे झालें.